जुनं सागवानी दार आणि हातात पहिल्यांदाच सँडर

मराठवाड्यात वाडे पडताहेत, वाटण्या होताहेत, माळवदाच्या जागी स्लॅब येतोय. पण आजोबांच्या वेळचं सागवानी दार कुणाला टाकवत नाही. लातूर घ्या, परभणी घ्या, नांदेड घ्या, नव्या घराला वाड्याचं जुनं दार घासून, पॉलिश करून बसवायची हौस वाढली आहे. इलेक्ट्रिक सँडर, म्हणजे पेपर लावून लाकूड घासायचं विजेचं मशीन, आता तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. दुकानदार मशीन चालू करून दाखवतो, चार पॉलिश पेपर हातावर ठेवतो आणि गिऱ्हाईक घरी येऊन सरळ दाराला भिडतं.

मला काळजी वाटते ती या सरळ भिडण्याची. सँडरला कुणी भीत नाही. करवतीचं पातं दिसतं, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, तिथे माणूस आपोआप जपतो. सँडरवर बोट लागलं तर फार तर साल निघते, म्हणून त्याला खेळणं समजतात. पण सँडर सावकाश नुकसान करतो. नाकातून, डोळ्यांतून, कानांतून, मनगटातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ सालीच पहिल्या गटात टाकली आहे. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पुराव्यानं ठरलेले पदार्थ. लाकडाच्या धुळीनं होणारा कर्करोग मुख्यतः नाकाच्या आतला आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा असतो. वर्षानुवर्षं धुळीत राहणाऱ्याला तो धोका जास्त, एका दारानं काही होत नाही हे खरं. पण जो एक दार घासतो तो पुढे शेजाऱ्याचंही घासतो, आणि हळूहळू तोच धंदा होतो. म्हणून सवय पहिल्या दारापासूनच लागलेली बरी.

मशीन कुठलं घ्यायचं

नवख्या माणसानं १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची गोल पॅडचा रँडम ऑर्बिट सँडर घ्यावा. त्याचं पॅड गोल फिरतं आणि त्याच वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या घेऱ्यात डोलतं, त्यामुळे लाकडावर एकाच जागी ओरखडा उमटत नाही. पेपर वेल्क्रोनं चिकटतो, चटकन बदलता येतो. चौकोनी पॅडचा ऑर्बिटल सँडर कोपऱ्यात जातो, पण काम हळू करतो. बेल्ट सँडर लाकूड भराभर खातो, हातातून पुढे ओढ घेतो आणि क्षणभर एका जागी थांबला की खड्डा पाडतो. पहिल्या कामाला तो नकोच.

ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पेपरच्या पट्ट्यांची चकती, लावून दार घासणारे पुष्कळ आहेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि त्याला वेग कमी करायची सोय बहुधा नसते. नक्षीदार दारावर तो चालवला की पाकळ्या, वेल, मोर सगळं सपाट होतं. ते पुन्हा कोरून द्यायला कारागीर सापडत नाही. शिवाय तो लाकडात अडकून उसळला तर हात-तोंडावर येतो.

घेताना तीन गोष्टी बघा. वेग कमी-जास्त करायचं चाक हवं, धूळ ओढणारी पिशवी किंवा व्हॅक्यूमचा पाइप लावायला तोंड हवं, आणि चौकोनात चौकोन अशी खूण मशीनच्या पट्टीवर हवी. ती खूण दुहेरी इन्सुलेशनची. अशा मशीनला दोनच पिना असतात, त्यात काही बिघाड नाही.

दार आधी नीट तपासा

घासायच्या आधीचा हा तास फार मोलाचा आहे. दार सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर (उंच तिवयांवर) आडवं टाका, हलणार नाही असं क्लॅम्पनं आवळा. भिंतीला तिरपं टेकवून घासू नका. मशीनच्या थरथरीनं ते सरकतं आणि जुनं सागवानी दार पायावर पडलं तर पाय जातो.

मग लोखंड शोधा. जुन्या दारांत गाभ्यापर्यंत ठोकलेले खिळे असतात, डोकी गंजून लाकडाच्या रंगाची झालेली. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून स्पीकरमधलं जुनं चुंबक घेऊन सगळ्या फळीवरून फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूनं गोल करा. निघतील ते खिळे पक्कडीनं काढा, न निघणारे सुंभ्यानं (बोथट टोकाच्या लोखंडी ठोशानं) आत बसवा. खिळ्यावर पेपर गेला तर फाटतो, त्याचा तुकडा डोळ्याकडे उडतो, आणि ठिणगी पिशवीतल्या भुशात गेली तर पिशवी आतून धुमसत राहते. कड्या, कोयंडे, पितळी फुल्या काढून ठेवता येत असतील तर काढा.

आता रंग. दाराला जुना ऑइल पेंट असेल तर सँडर बाजूला ठेवा. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवायचा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि केशरी छटांत, शिसं भरपूर असू शकतं. जुनी दारं, बैलगाडीची पोळ्याला दरवर्षी रंगवलेली साटी, देव्हारे, पाळणे, सगळ्यांना हे लागू आहे. हा रंग सँडरनं कोरडा घासला तर शिसं पिठासारखं बारीक होऊन घरभर बसतं. रांगणारं पोर फरशीवरचा हात तोंडात घालतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

असा रंग पेंट रिमूव्हर लावून, फुगू देऊन पत्रीनं खरवडून काढावा. रिमूव्हरही कातडी भाजणारं रसायन आहे, त्याला रबरी हातमोजे आणि मोकळी हवा लागते. राहिलेला रंग वॉटर पेपरनं, पाणी लावून, हातानंच घासावा. विजेचं मशीन आणि पाणी एकत्र आणायचं नाही. ब्लो लॅम्पनं रंग जाळायची जुनी पद्धत तर बंदच व्हायला हवी, कारण जळताना शिसं धुरातून थेट छातीत जातं. खरवडलेला रंग गोणपाटावर नको, प्लास्टिकच्या कागदावर गोळा करा, पिशवीत बांधा, उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. गावात घातक कचऱ्याची सोय नसेल तर पिशवीवर लिहून मुलं आणि जनावरं पोहोचणार नाहीत तिथे बंद ठेवा आणि नगरपालिकेच्या घंटागाडीवाल्याला विचारूनच द्या.

चौकटीच्या माथ्यावरची गणेशपट्टी विसरू नका. तिच्यावर पिढ्यांचा शेंदूर बसलेला असतो, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. त्यावर सँडर अजिबात चालवायचा नाही. आमच्याकडे पुष्कळ जण गणपती तसाच शेंदरी ठेवून भोवतीचं लाकूड तेवढं साफ करतात. श्रद्धेच्या दृष्टीनं आणि फुप्फुसाच्या दृष्टीनंही तेच योग्य आहे.

जागा

बैठकीत, स्वयंपाकघराशेजारी, धान्याच्या कोठीजवळ हे काम नको. अंगणात किंवा शेडमध्ये मांडा. वारा कुठून येतो ते बघून असं उभं राहा की धूळ तुमच्यापासून दूर जाईल. पाण्याचे माठ झाका, गुरांची गव्हाण जवळ असेल तर जागा बदला. चैत्र-वैशाखात शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, तेव्हा आधी शेजारच्या काकूंना विचारा. धूळ त्यांच्या वर्षभराच्या वाळवणावर बसायला नको.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कामं सकाळी आटोपा. दुपारी शेडमध्ये कूलर लावून त्याच्यासमोर घासत बसणं दोन कारणांनी वाईट. कूलरचा झोत धूळ उडवून तोंडावर आणतो, आणि पाण्याच्या टाकीशेजारी ओल्या फरशीवर विजेचं मशीन येतं.

ज्या जागी थिनर, सीलर किंवा मेलामाइन पॉलिशचा डबा उघडा आहे तिथे सँडर चालूच करू नका. मोटारीच्या आत कार्बन ब्रशजवळ बारीक ठिणग्या पडत असतात आणि थिनरच्या वाफेला तेवढी पुरते.

नाक, डोळे, कान, कपडे

तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधून काम करणारे सगळीकडे दिसतात. कापडानं जाडा भुसा अडतो, पण जी बारीक धूळ छातीत खोल जाते ती कापडातून आरपार जाते. किमान एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा. कानामागे दोरी असलेल्यापेक्षा डोक्याच्या मागून दोन पट्टे जाणारा घ्या, तो घट्ट बसतो. वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, खालचा मानेवर, आणि नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाला बसवायची. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेनं हवा निसटली तर पुन्हा बसवा.

नवी पोरं एक तक्रार हमखास करतात.

"मिस्त्री, मास्क लावला की चष्म्यावर वाफ येतीय, काहीच दिसंना."

"मग तुझ्या नाकापाशी फट हाय बाळा. श्वास वरून निघतोय म्हणजे धूळ बी तिथूनच आत जातीय. पट्टी दाब."

ही वाफ म्हणजे फुकटची तपासणी आहे, ती आली की मास्क नीट करा. दाढी दाट असेल तर मास्क कातडीला टेकत नाही. कामापुरती दाढी कमी केलेली बरी. घामानं भिजलेला किंवा श्वास घ्यायला जड जाणारा मास्क बदला. काल वापरलेला मास्क भुशात लोळलेला असेल तर तो आतूनच धूळ देतो.

डोळ्यांना बाजूनंही बंद असलेला गॉगल. नंबरचा चष्मा पुरत नाही. कानांत प्लग घाला. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर ऐकू येणं कायमचं कमी होतं आणि घासताना पुष्कळ मशीन त्या पातळीला जातात. बाह्या पूर्ण, अंगाला बसणारा सुती शर्ट. गळ्यात उपरणं, ओढणी, मनगटात कडं, दोरा, बोटात अंगठी काही नको. लुंगीवर किंवा धोतराचा सोगा सोडून हे काम करू नये. बाईमाणसांनी पदर खोचून वरून अंगभर अ‍ॅप्रन बांधावा, केस आवळावेत.

सागाच्या धुळीनं काहींच्या कातडीला खाज सुटते, लाल चट्टे येतात. असं झालं तर खाजवू नका, गार पाण्यानं धुवा. दर वेळी तसंच होत असेल तर तुमच्या अंगाला साग मानवत नाही, डॉक्टरांना दाखवा.

वीज, आणि लाईट गेल्यावर काय

मशीनची वायर बोटांतून सरकवत पूर्ण तपासा. कुठे चीर, उंदरानं कुरतडलेलं, काळी टेप गुंडाळलेली दिसली तर इलेक्ट्रिशियनकडून वायरच बदलून घ्या. एक्स्टेंशन बोर्डची वायर जाड हवी आणि गुंडाळी पूर्ण सोडवलेली हवी, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. शेतातल्या मोटारीच्या पेटीतून उघड्या तारा ओढून सँडर चालवू नका.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असावी. अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात पाणी घालत राहा. आरसीसीबीवरचं तपासणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते बघा.

आता खास आपल्या भागाची गोष्ट, कारण मशीनसोबतच्या पुस्तकात तिच्यासाठी जेमतेम एक ओळ असते. पुष्कळ सँडरना स्विच दाबून ठेवायचं लॉक असतं, म्हणजे बोट दुखत नाही. काम चालू असताना लाईट जाते. मशीन थांबतं, माणूस ते तसंच दारावर ठेवून चहाला जातो. लॉक लागलेलंच आहे. तासाभरानं लाईट येते आणि मशीन आपोआप चालू होऊन फळीवरून नाचत खाली पडतं, किंवा तेवढ्यात जवळ आलेल्या पोराच्या हाताला लागतं. म्हणून लाईट गेली की पहिलं काम स्विच बंद आणि पिन बाहेर. चहा नंतर. पिन घालतानाही आधी मशीनचा स्विच बंद आहे ना ते बघायचं.

संध्याकाळी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला की व्होल्टेज पडतं. मशीन मंद चालतं, माणूस जोर लावतो, मोटार तापते आणि जळका वास येतो. अशा वेळी थांबा. इनव्हर्टर घरातला पंखा-दिव्याचा असेल तर त्यावरही सँडर लावू नका.

पेपर

पेपरच्या पाठीवरचा आकडा जितका लहान तितका तो खरखरीत. दारावर जुनं पॉलिश किंवा उन्हापावसानं आलेला करडेपणा असेल तर ८० पासून सुरू करा, मग १२०, मग १८०. तेल लावणार असाल तर तिथे थांबा. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारणार असाल तर २२० किंवा २४० पर्यंत जा. पॉलिशच्या दोन थरांच्या मध्ये ३२०, तेही हातानं आणि हलकं. मधला आकडा गाळू नका. ८० चे ओरखडे १८० नं जात नाहीत, पॉलिश केल्यावर ते उन्हात गोल गोल दिसतात.

पेपरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर धूळ पिशवीत न जाता तुमच्याकडे येते. पेपर बदलताना पिन काढलेली असावी, दर वेळी.

आता मशीन लावा

सगळ्या फळीवर पेन्सिलीनं हलक्या तिरक्या रेघा मारून घ्या. रेघा सगळीकडून गेल्या की तो आकडा झाला, पुढचा पेपर लावा. नवख्याला कुठे घासलं आणि कुठे राहिलं हे कळायला याच्याइतका सोपा उपाय नाही.

पाय थोडे फाकवून उभे राहा, वायर खांद्यावरून पाठीमागे. मशीन चालू करा, वेग धरू द्या आणि पॅड सपाट टेकवा. तिरपं टेकलं तर कडेनं चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. मशीनच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा जोर लावायचा नाही. जोर लावला की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, पेपर तापून लाकडाचा चीक धरतो आणि तुमच्या बोटांना मुंग्या येतात. मशीन बरोबर चाललंय का ते पॅडच्या कडेवर मार्करनं एक खूण करून बघता येतं: खूण सावकाश फिरताना दिसली पाहिजे.

हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, सेकंदाला इंचभर, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच हळू. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. कडांशी पॅडचा तिसरा हिस्साच बाहेर जाऊ द्या, नाहीतर कडा गोल होतात. नक्षी, कंगोरे आणि कोपरे मशीनसाठी नाहीत. तिथे पेपरची घडी घालून बोटानं घासा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. दाराची किंमत त्या नक्षीतच आहे.

बंद केल्यावर पॅड पूर्ण थांबेपर्यंत मशीन हातातच धरा. पंधरा-वीस मिनिटं घासून झाली की मशीन ठेवा, बोटं मोकळी करा, पाणी प्या. पेपर बदलण्याआधी फळी ओल्या, पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि मोबाइलचा टॉर्च फळीला समांतर धरून बघा; राहिलेले ओरखडे सावली टाकतात.

व्हीनिअरच्या, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेल्या, प्लायवर हेच मशीन वापरणार असाल तर १८० च्या खाली उतरू नका. व्हीनिअरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, मशीन दोनदा फिरलं की खालचा प्लाय दिसू लागतो.

भुसा आणि फडकी

पिशवी निम्मी भरली की रिकामी करा, काम संपल्यावर तर कराच. पॉलिशमिश्रित भुसा गच्च भरून कोपऱ्यात ठेवला तर स्वतःहून तापू शकतो. तो झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. लोखंड घासलेल्या सँडरची पिशवी रिकामी न करता लाकडाला लावू नका.

दाराला जवसाचं तेल लावायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण त्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं काडी न लावता पेट घेतं. फडकी तारेवर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, तीच पुन्हा नाकात येते. फरशी झाडूऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. मास्क सगळ्यात शेवटी, बाहेर आल्यावर काढा. कपडे वेगळे धुवा आणि हात-तोंड धुतल्याशिवाय लेकराला उचलू नका, तंबाखूही मळू नका.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडा. टोचणी राहिली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे काम नेहमी करणाऱ्याला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, रात्री बोटं बधिर होणं यांतलं काही झालं तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे बहुधा आधी क्षयाची तपासणी होईल, ती करून घ्या. पण आपण लाकडाच्या धुळीत काम करतो आणि किती वर्षं करतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.